छताचा दुसरा हात

आमच्या साडूभाऊंचा खांदा पंचवीस वर्षं रोलर फिरवून कामातून गेला, आणि फिजिओथेरपीवाल्या बाईंनी उपाय काय सांगावा? रोलर. फोम रोलर घ्या म्हणाल्या, रोज पाठीखाली घेऊन त्यावर लोळा. पाठ मोकळी झाली की हात वर जाईल.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघं मिळून घरं, दुकानं, कार्यालयं रंगवतो. भिंती मी, छत ते. ही वाटणी त्यांनी पहिल्याच दिवशी केली आणि ती काळ्या दगडावरची रेघ झाली. "भिंत काय, कुणीही रंगवतं," असं ते भिंत रंगवणाऱ्या माझ्या तोंडावर सांगत. छतवाला माणूस म्हणे वेगळ्याच मातीचा असतो.

तर हा वेगळ्या मातीचा माणूस बाईंकडून घरी आला आणि सामानाची पेटी उघडून बसला. आमच्याकडे स्पंजचे सात रोलर आहेत, चार इंची. फोम म्हणजे स्पंज, मग विकत कशाला आणायचा? त्यातला एक धुऊन त्यांनी बायकोच्या हातात दिला आणि पालथे पडले. मेव्हणीबाईंनी चार दिवस नवऱ्याची पाठ खालून वर आणि वरून खाली रंगवली. पाचव्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

"अहो, काही गुण येईना. वर अंथरुणाला टर्पेंटाइनचा वास. तुम्हीच न्या यांना दुकानात. माझं ऐकतील तर शपथ."

मलाही घाई होतीच, आणि तिचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. आठ महिने साडूभाऊंचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. ते घोड्यावर, म्हणजे आमच्या लाकडी शिडीवर, चढत, खांदा वाचवायला कमरेतून वाकडे होत आणि तसाच रोलर ओढत. ओला असेपर्यंत रंग झकास दिसे. वाळला की पट्टे उठत, मध्येच छत कोरं. मग दुपारी ते डबा घेऊन बाहेर गेले की मी घोडा ओढायचो आणि छताला रंगाचा दुसरा हात मारून मोकळा व्हायचो. त्यांचं जेवण भलतंच संथ, पाऊण तास हमखास. परत आले की वर बघून म्हणत, "बघ कसं उतरलंय. हात लागतो याला, हात." मी मान डोलवायचो.

पण पुढच्या महिन्यात एका ग्रंथालयाचं मोठं छत होतं आणि तिथे दिवसभर माणसं बसलेली असणार. माझी चोरी तिथे चालणार नव्हती. म्हणजे एक तर त्यांचा खांदा सुटायला हवा होता, नाहीतर माझी जीभ. मला दुसऱ्या गोष्टीची भीती वाटत होती. छत काढून घेतलं तर या माणसाकडे उरतं काय?

दुकान त्यांनीच निवडलं. "खेळाच्या सामानाचं आहे. आपणच रंगवलंय."

"तुम्ही रंगवलंय. मी तेव्हा आठवडाभर तापाने पडून होतो," मी म्हणालो, आणि दारातून आत शिरता शिरता वर बघितलं. मग घाईघाईने साडूभाऊंना रोलरांकडे वळवलं.

साडूभाऊंनी वर बघितलं नाही. ते रोलर बघत होते. दुकानातल्या दणकट बाईंनी ओळीने मांडून ठेवले: एक मऊ, एक मध्यम, एक लाकडासारखा कडक, एक अंगभर गाठी असलेला, आणि एक बटण दाबल्यावर थरथरणारा. साडूभाऊंनी प्रत्येकात अंगठा रुतवला.

"हा मऊवाला दोन महिन्यांत बसेल. स्पंज मला शिकवू नका. हा कडक म्हणजे नुसता खांब. आणि हा गाठींचा..." त्यांनी तो फिरवून बघितला. "भिंतीवर नक्षी काढायला बरा आहे."

बाई खूश झाल्या. "नव्या माणसाने मध्यमच घ्यावा, काका. पण दाबून कळत नाही. इथे चटईवर झोपून बघा."

"झोपायचं कशाला?" मी मध्ये पडलो. "दाबून कळलंय त्यांना. कपडे मळतील."

"माझे?" साडूभाऊ म्हणाले. त्यांच्या शर्टावर चार घरांचे रंग होते. ते चटईवर बसले, मागे रेलले. बाईंनी रोलर पाठीखाली सरकवला. "कंबरेखाली नको, इथे वरच. हात डोक्यामागे. मान सैल. आणि आता वर बघा."

त्यांनी वर बघितलं.

पंचवीस वर्षांत हा माणूस आपल्या वाळलेल्या छताखाली कधी आडवा झाला नसावा. आता सगळंच समोर होतं. पट्ट्याला पट्टा, आणि दिव्याशेजारी परातीएवढं कोरं. मी बुटांच्या मांडणीकडे बघत राहिलो.

"इथे जो झोपतो तो हेच विचारतो," बाई सहज म्हणाल्या, "हे रंगवलं कुणी म्हणून. मी म्हणते, होता बाबा कुणीतरी."

साडूभाऊंनी एक एक पट्टा मोजत नजर दिव्यापर्यंत नेली. मग छताकडे बघतच म्हणाले, "मध्यम द्या. बिनगाठींचा."

रस्त्यावर आलो. रोलर त्यांच्या काखेत.

"इथे तू नव्हतास," ते म्हणाले.

"नव्हतो."

"म्हणजे बाकीची छतंही खालून अशीच होती."

"साडूभाऊ, मी सांगणारच होतो..."

"काय सांगणार होतास? भिंत रंगवणाऱ्याच्या टाळूवर पांढरा रंग पडतो होय रे? रोज दुपारी पडायचा."

मी जागीच थांबलो. "माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"तू बोललास?" ते पुढे चालू लागले. "डब्यात माझ्या असतात चार घास. चार घासांना पाऊण तास लागतो का? बसायचो आपला बाहेर, तुझा घोडा सरकल्याचा आवाज येईपर्यंत." मग म्हणाले, "एखादा ठिपका झाकत असशील, असं वाटायचं. एवढं असेल असं नव्हतं वाटलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी धुळीला दोष दिला.

ग्रंथालयात पहिल्या दिवशी त्यांनी छताचा रोलर माझ्या हातात दिला आणि स्वतः चटई पसरून आपला रोलर पाठीखाली घेतला. वाचक पुस्तकं खाली ठेवून बघू लागले. मी घोड्यावर. "डावीकडे सुटलं," खालून आवाज. "दिव्यापाशी कोरं." दोन तासांत मला कळलं की डोक्यावर बसून बोलणारा परवडतो, पण घोड्याखाली झोपून बोलणारा नाही.

दुपारी ते म्हणाले, "जा, जेवून घे. सावकाश जेव."

मी पाऊण तास लावला. परत आलो तर सकाळी छतावरून उतरून मी घाईत उरकलेली भिंत पुन्हा ओली होती. खांद्याच्या उंचीपर्यंत तिला दुसरा हात मारलेला होता. त्याच्या वर माझा पहिला हात तसाच होता, आणि दोन्हींतला फरक दारातूनही दिसत होता.

साडूभाऊ चटईवर डोळे मिटून पडले होते. त्यांच्या मनगटाला भिंतीचा रंग लागला होता.

"कशी उतरलीय भिंत?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"हात लागतो हो याला," मी म्हणालो आणि घोड्यावर चढलो.