वाढवलेला सेकंद

जलतरणाचे शिक्षण मी एकेचाळीस वर्षे दिले आणि त्या सर्व काळात एक असत्य नित्यनेमाने उच्चारले. शिष्य भिंतीला हात लावून "किती?" असे विचारी, तेव्हा घड्याळातील वेळेत मी एक सेकंद मिळवून सांगत असे. खरी वेळ केवळ माझ्या वहीत राही. संतोषाने शिष्य सुस्तावतो, ही माझी श्रद्धा होती.

माझी एक शिष्या, जिला आम्ही सारे मासोळी म्हणत असू, सलग नऊ वर्षे देशात अजिंक्य राहिली. स्पर्धेत तिच्या तोडीचे कोणी नसे, म्हणून ती जिंकण्यापुरतीच पोहे. तिचे खरे सामर्थ्य प्रकट होई ते सकाळच्या सरावात, एकट्या माझ्यासमोर. जागतिक स्पर्धेला जायचे, तर निवड चाचणीत ठरावीक वेळ गाठणे आवश्यक होते. चाचणीच्या आठ दिवस आधी, सरावात, ती त्या वेळेहून अर्धा सेकंद लवकर भिंतीला लागली. मी सवयीने सेकंद मिळवला.

"म्हणजे अजून अर्धा सेकंद जास्तच," ती पाण्यातूनच म्हणाली. "मास्तर, वर्षभर तिथंच घोडं अडलंय. मी नाही येत चाचणीला."

"वेडी की काय! प्रयत्न तर कर."

"तुमच्या घड्याळाचं मी काय घोडं मारलंय हो?" ती हसली, डोळे मात्र लाल होते. पाण्यामुळे, अशी मी मनाची समजूत घातली.

खरे सांगावे, असे ओठांपर्यंत आले. पण मग नऊ वर्षांच्या माझ्या कोणत्या शब्दावर तिचा विश्वास उरला असता? त्या भयाने मी मौन धरले. चाचणीच्या दिवशी तिची चौथी मार्गिका रिकामी राहिली.

अठरा वर्षे लोटली. ती आता त्याच तलावावर मुलींना शिकवते. गेल्या आठवड्यात मी ती वही घेऊन, क्षमा मागावी म्हणून गेलो.

"अगंबाई, मास्तर! काठी जपून टेका, फरशी निसरडी आहे. या वयात सूर मारायचा विचार नाही ना?"

मी त्या सकाळच्या सरावाचे पान तिच्यापुढे धरले. वही हातात घेऊन, आकड्यावर बोट ठेवून तिने तो दोनदा वाचला.

"ही माझी वेळ?"

"तुझीच. मी सेकंद वाढवून सांगत होतो."

"नेहमीच?"

"नेहमीच. चुकलो मी, पोरी."

"निदान त्या दिवशी तरी सांगायचंत," ती एवढेच म्हणाली. तिने संतापावे, अशी माझी फार इच्छा होती. तेवढेही प्रायश्चित्त माझ्या वाट्याला आले नाही.

इतक्यात एका मुलीने भिंतीला हात लावला. "ताई, किती?"

तिने बोलण्यासाठी तोंड उघडले आणि तसेच मिटले. मग ओल्या फरशीवर गुडघे टेकून घड्याळच तिने मुलीच्या डोळ्यांपुढे धरले.

"तूच वाच."

वही तिच्या काखेत होती. ती तिने परत दिली नाही. मीही मागितली नाही.