रिकामी लिफ्ट वर जाते

लिफ्टची कामं करणाऱ्या मिस्त्रीला एक सवय होती आणि तिच्यापायी लोक त्याची गंमत करायचे. कुठल्याही इमारतीत गेला, की हत्यारांची पिशवी खाली ठेवायची, डोक्यावरची टोपी काढायची, भिंतीला तळवा टेकवायचा आणि शेजारी उभ्या माणसाशी बोलावं तसं म्हणायचं, “प्रभू येशू, माझ्या आधी तू उतर.” मग टोपी चढवून कामाला लागायचं.

त्याच्या घरी रविवारचा देव वेगळा आणि सोमवारचा वेगळा असं नव्हतं. सकाळी चहाच्या आधी बायको पवित्र शास्त्रातला उतारा वाचायची आणि त्यातलं एखादं वाक्य तो दिवसभर पिशवीतल्या पान्यासारखं बरोबर वागवायचा. ती शाळांचे गणवेश शिवायची. सुईत दोरा ओवताना तिचे ओठ हलायचे ते त्या कपड्यात वावरणाऱ्या पोरासाठी. आणि मिस्त्रीची ख्याती अशी, की दोर झिजला असेल तर झिजलाय म्हणेल, नसेल तर नाही म्हणेल. त्यात मालकाचं तोंड बघणार नाही.

पण खरं सांगायचं, तर इतक्या वर्षांत ते प्रार्थनेचे शब्द पायरी झिजावी तसे गुळगुळीत झाले होते. तो ते म्हणायचा, त्यानं हात स्थिर व्हायचा आणि तेवढ्यावर त्याचं भागायचं. पलीकडे कोणी ऐकतंय का, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

त्याच्या जोडीला मेहुणा असायचा, बायकोचा धाकटा भाऊ. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणायचे. हात चांगला, पण घाई पाचवीला पुजलेली. “दाजी, देवाला उतरू द्या, पण लवकर,” असं तो दर वेळी म्हणायचा आणि मिस्त्री दर वेळी हसायचा.

एका सकाळी दोघांना एका जुन्या इमारतीतून बोलावणं आलं. खाली कचेऱ्या, वर दातांचा दवाखाना, त्याच्यावर बिऱ्हाडं. लिफ्ट मध्येच अडकत होती. व्यवस्थापक बाईंनी फोनवरच बजावलं होतं, “आज चालू करून द्या. पेशंट जिने चढून येतात आणि शिव्या मला बसतात.”

मिस्त्रीनं गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन सगळं तपासलं. मोटर ठीक, ब्रेक घट्ट, दोर चांगले. म्हणजे दुखणं तळाशी होतं. लिफ्टच्या वाटेच्या तळाला, तळमजल्याच्याही खाली, माणूसभर खोल खड्डा असतो. तिथली लिफ्ट थांबवणारी बटणं ओल धरतात आणि लिफ्ट अडते. खाली उतरून बघणं भाग होतं. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उभी करून त्यानं मुख्य स्विच पाडला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकले आणि दोघं जिन्यानं खाली आले.

तळमजल्यावर म्हातारा रखवालदार स्टुलावर बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाजावरून अख्खी इमारत ओळखायचा. मिस्त्रीनं किल्लीनं लिफ्टचं दार उघडलं. आत नुसता काळोख, ओलसर वास आणि खाली टॉर्चच्या उजेडात चमकणारं पाणी. भिंतीला लोखंडी शिडी.

“पाणी झिरपलंय,” भिंगरी म्हणाला. “मी उतरतो दाजी, तुम्ही टॉर्च धरा.” आणि तो शिडीचा दांडा धरायला वाकलासुद्धा.

“थांब रे जरा.” मिस्त्रीनं टोपी काढली. भिंतीला तळवा लावला. “प्रभू येशू, माझ्या आधी तू उतर.”

वर कुठेतरी दोर कुरकुरले.

मिस्त्रीनं मेहुण्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं, तेवढ्यात अंधारातून लिफ्टचा तळ दिसू लागला. ती घसरत आली नाही, आदळली नाही. एखादं वयस्कर माणूस कठड्याला धरून जिना उतरतं तशी सावकाश खाली आली आणि तळमजल्याच्या उंबऱ्याला अगदी समतल थांबली. आतला दिवा जळत होता, त्याची तार वेगळी असते. आत कोणी नव्हतं.

“ब्रेक घसरला,” भिंगरी कॉलर सारखी करत म्हणाला. त्याचा आवाज मात्र चिरकला.

लिफ्टला एका बाजूला माणसं नेणारा पाळणा असतो आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी वजन. ते वजन रिकाम्या पाळण्याहून जड असतं. ब्रेक घसरला तर रिकामी लिफ्ट वर जाते. खाली येते ती फक्त भरलेली. हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि भिंगरीलाही ते ठाऊक होतं.

मग मिस्त्रीच्या नजरेसमोर पाळण्याची जमीन हलली. अंगठ्याच्या जाडीएवढी खाली गेली आणि तिथंच राहिली. आत उभ्या माणसानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, की जमीन अशी दबते. दोर ताणले जातात आणि भार उतरेपर्यंत ताणलेलेच राहतात.

स्टुलावरून रखवालदार म्हणाला, “कोण आलंय हो? उतरत का नाहीत?”

मिस्त्रीनं दार लोटून कुलूप लावलं, पिशवी उचलली आणि रस्त्यावर आला. उन्हात उभा राहिला तरी त्याची दातखीळ सुटेना.

त्या दिवसापासून त्याची प्रार्थना बंद पडली. भिंगरीला वाटलं, दाजी दमलेत. दुसऱ्या इमारतींतली कामं चालू होती, पण मिस्त्री टोपीला हात लावायचा आणि तसाच खाली घ्यायचा. शब्द ओठांवर यायचे आणि त्याला वाटायचं, आत्ता वर दोर कुरकुरतील. मग पान्याची पकड सैल पडायची. दोनदा हातातून हत्यार निसटलं. घरी जेवायला बसल्यावर बायकोनं नेहमीसारखं हात जोडून डोळे मिटले आणि त्याच्या प्रार्थनेची वाट बघत राहिली. शेवटी तिनंच दोन वाक्यांत उरकलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तेव्हा तिनं ताट बाजूला सारलं. “अहो, काय झालंय? भिंगरी म्हणतो ब्रेक घसरला. ब्रेक घसरल्यावर माणूस देवाशी अबोला धरतो का?”

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, जमीन दबली तेसुद्धा. सांगताना त्याच्या अंगावर पुन्हा काटा आला.

तिच्याही अंगावर काटा आला होता, पण तिनं पदर दंडावर ओढून घेतला आणि म्हणाली, “जन्मभर हाका मारल्यात. आणि ओ आली तर पळालात?”

“अगं, पण तो तोच होता कशावरून? दुसरंच काही असलं तर?”

“दुसरं असलं तर मग त्याचं नाव जास्तच घ्यायला हवं. टाळून कसं चालेल?”

“मला भीती वाटते.”

“वाटू दे की. शास्त्रात ज्याला ज्याला दूत दिसला, तो आधी घाबरलाच. म्हणून तर त्यांना दर वेळी ‘भिऊ नका’ म्हणावं लागलं. कोणी हसत नाचत भेटला असता तर कशाला म्हणाले असते?”

मिस्त्रीला हसू आलं नाही, पण घास गिळता आला.

सकाळी व्यवस्थापक बाईंचा फोन वाजला. “मिस्त्री, तुमची लिफ्ट तळमजल्यावर अडून बसलीय आणि दार कुलूपबंद. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मी दुसरा माणूस बोलावते. तो म्हणाला, लिफ्ट वर घेऊन खड्ड्यात उतरतो, तासाभराचं काम आहे.”

“बाई, कोणाला उतरू देऊ नका.”

“का? काय बिघडलंय ते तरी सांगा!”

काय बिघडलंय ते त्याला माहीत नव्हतं. खोटं कारण ठोकून देणं सोपं होतं आणि बाईंनी ते मानलंही असतं. त्यानं डोळे घट्ट मिटले. “मला ठाऊक नाही. पण सगळं ठीक आहे असं मी म्हणू शकत नाही. मी येतोय. तोवर दार उघडू नका.”

फोन ठेवला तेव्हा बायको शिलाई मशीनवरून त्याच्याकडे बघत होती. “तो दुसरा माणूससुद्धा कोणाचा तरी नवरा असेल,” एवढंच ती म्हणाली आणि पायानं मशीन चालू केलं.

इमारतीत पोचल्यावर रखवालदारानं आधी तक्रार ऐकवली. त्याच्या किल्ल्यांचा जुडगा दाराच्या फटीतून खड्ड्यात पडला होता, लिफ्ट अडकायला लागली त्याच सुमारास. “तुम्ही गेलात त्याच दुपारी मी शिडीनं उतरणार होतो, या दाराची दुसरी किल्ली आहे माझ्याकडे. पण तुमच्या लिफ्टनं वाट अडवलीय. हलतच नाही बेटी. आणि आत कोणीतरी आहे मिस्त्री. मला दिसत नाही, पण मी बाजूला बसलो, की कळतं. जसं शेजारी कोणी बसलं, की कळतं.”

“भीती वाटते का, आजोबा?”

“पहिल्या दिवशी वाटली. मग मी माझा चहा तिथंच प्यायला लागलो.”

मिस्त्रीनं दार उघडलं. दिवा जळत होता, पाळणा रिकामा होता आणि जमीन उंबऱ्याहून अंगठाभर खाली होती. तेव्हापासून ती तशीच दबलेली होती. भिंगरी मागे उभा होता आणि पहिल्यांदाच त्याला कसलीही घाई नव्हती.

मिस्त्रीनं टोपी काढली. नेहमीचे शब्द त्याला म्हणवेनात, ते फार लहान वाटले. भिंतीला तळवा टेकवून तो हळूच म्हणाला, “प्रभू, आम्ही येऊ का खाली?”

काही झालं नाही. वर दवाखान्यात कोणीतरी चूळ भरल्याचा आवाज आला. मग मिस्त्रीच्या लक्षात आलं, की आपण दारातच उभे आहोत, ऐन वाटेत. तो बाजूला झाला. भिंगरीला त्यानं कोपरानं मागे सारलं.

पाळण्याची जमीन वर आली. आवाज न करता, उंबऱ्याला समतल.

रखवालदार स्टुलावरून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. भिंगरीच्या चेहऱ्यावर थंड हवेची झुळूक लागली असं तो नंतर एकदाच बोलला आणि मग कधी बोलला नाही.

वर जाऊन त्यांनी हातचाकानं पाळणा वर चढवला. चाक एका हातानं फिरत होतं, रिकाम्या लिफ्टचं फिरतं तितकं हलकं. मिस्त्रीनं ब्रेक पुन्हा तपासला. तो पहिल्या दिवसासारखाच घट्ट होता. घसरल्याचा एक ओरखडासुद्धा नव्हता.

खाली येऊन मिस्त्री खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसला. एरवी त्यानं सरळ शिडी धरली असती. लिफ्टची वीज बंद, फ्यूज खिशात, मग लोखंडाला कशाला भ्यायचं? पण त्या दिवशी तो प्रत्येक गोष्टीला भीत होता. त्यानं टेस्टरचं टोक शिडीच्या दांड्याला टेकवलं.

टेस्टरमधला दिवा लागला.

इमारतीच्या पाण्याच्या पंपाची वायर कोणा आळशानं खड्ड्यातून ओढून नेली होती. तिचा लिफ्टच्या स्विचशी काही संबंध नव्हता. शिडीमागे ती घासून घासून सोलली होती, आणि शिडीचा पाय पाण्यात होता. जो कोणी तो दांडा धरून पाण्यात उतरला असता, त्याचा हात सुटला नसता.

भिंगरी त्या दिव्याकडे बघत राहिला. मग जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. त्याच दांड्यापासून त्याची बोटं वीतभर लांब होती. रखवालदार विचारत होता, “काय झालं? माझ्या किल्ल्या दिसल्या का?”

पंपाची वीज तोडली, पाणी उपसलं, वायर बदलली, बटणं कोरडी केली. संध्याकाळच्या आत लिफ्ट सुरू झाली. बाईंनी कारण ऐकलं आणि खुर्ची ओढून बसल्या. दातांच्या डॉक्टरांनी “नशीब थोर” म्हटलं. मिस्त्रीनं मान हलवली. त्यानं बाकीचं कोणाला सांगितलं नाही.

रविवारी उपासनेत पाळकांनी त्याला साक्ष द्यायला उभं केलं, कारण त्याच्या बायकोकडून त्यांच्या कानावर काहीतरी आलं होतं. मिस्त्री उठला. देवानं जीव वाचवला की लोक कसं बोलतात ते त्याला माहीत होतं, डोळे भरून येतात, टाळ्या होतात. त्याला तसलं काही येईना. तो बाकाची पाठ धरून एवढंच म्हणाला, “रिकामी लिफ्ट वर जाते. ही खाली आली.” आणि बसला. मंडळीला काही उमगलं नाही. मागच्या बाकावर भिंगरी होता. तो मंडळीत कधी यायचा नाही, त्या दिवशी आला होता. त्यानं मान खाली घातली.

भिंगरी अजूनही म्हणतो, की ब्रेकच असेल. पण काम सुरू करायच्या आधी तो दाजींचं तोंड बघत थांबतो, आणि लवकर करा म्हणत नाही.

मिस्त्रीचं म्हणाल, तर त्याची प्रार्थना पूर्वीसारखी सोपी राहिली नाही. देव जवळ आला, की जिवाला गार वाटतं असं तो लहानपणापासून ऐकत आला होता. त्याला तसं वाटलं नाही. जिन्यात आपल्या पुढे कोणी चालत असावं आणि त्यानं मागे वळून बघितलं तर काय, असं त्याला वाटायचं. तरी तो रोज त्याच्याच मागून जायचा.

एका संध्याकाळी ताटं वाढून झाली, तो प्रार्थना म्हणू लागला आणि बायकोनं सहज डोळे किलकिले केले. तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलत होता, टक्क उघड्या डोळ्यांनी.

“अहो, डोळे मिटा की,” ती कुजबुजली.

“नाही मिटवत,” तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्यानं आवाज खाली आणून पूर्ण केलं.

तिनं त्या खुर्चीकडे एकदा पाहिलं. मग उठून आणखी एक ताट घेतलं, पुसलं आणि क्षणभर हातात धरून उभी राहिली, कुठं ठेवावं ते न कळून.