मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक आहे. पण तुमच्या ओळखीचा नव्हे. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत शिकणाऱ्याशेजारी मास्तर बसतात ना, त्यांच्या पायाशी असलेला दुसरा ब्रेक म्हणजे मी. स्वभावाने मी पहिल्यापासून भित्रा. समोर सायकल डगमगली तरी मला आपणहून दबावंसं वाटतं.

गॅरेजमधल्या वेल्डरने लोखंडी पट्टी कापून मला घडवलं आणि एका सळईने पलीकडच्या ब्रेकला जोडलं. मी दबलो की तोही खाली जातो. आमचे मास्तर फार मायाळू. घाबरलेला माणूस काही शिकत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते मला चोरून दाबायचे, चेहऱ्यावरची रेषही न हलवता. आपणच गाडी थांबवली असं शिकणाऱ्याला वाटायचं. वर मास्तर त्याला शाबासकी द्यायचे. माझं कौतुक कुणी केलं नाही, आणि तेव्हा मला त्याचाच राग यायचा.

मग मास्तरांची मुलगी शिकायला बसली. हुशार पोरगी, पण वेगाची भारी हौस. दवाखान्याजवळच्या चौकात ती अगदी तोंडाशी येईपर्यंत वेग कमी करत नसे. मास्तर मला दाबत, गाडी वेळेत थांबे, आणि दुसऱ्या दिवशी ती आणखी जोरात येई. एकदा मागे बसलेली तिची आई कळवळून म्हणाली, जरा हळू घे. त्यावर पोरीने हसत विचारलं, आजवर एकदा तरी धडकले का मी? मास्तरांनी तिला पुढचं वळण दाखवलं. माझा जीव मात्र टांगणीला लागला, कारण खरं उत्तर आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

तिला लायसन्स मिळालं, एक जुनी गाडीही मिळाली. त्या सकाळी आमच्याकडे एक नर्सबाई शिकत होत्या. चौकाच्या अलीकडे मुलीने आम्हाला मागे टाकलं आणि खिडकीतून हात हलवला. पुढे चौकात पाण्याचा टँकर आडवा उभा होता. मास्तरांनी मला असं दाबलं की माझी सळई वाकली. आमची गाडी जागच्या जागी थांबली. तिची थांबली नाही.

ती वाचली. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून तिला आमच्याच गाडीने घरी आणलं. गाडी मास्तर चालवत होते, आणि त्यांच्या नेहमीच्या जागी बसलेली ती वाटभर खाली माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, हा ब्रेक तुम्ही किती वेळा दाबायचात?"

"रोज," मास्तर म्हणाले.

"मला वाटायचं, मीच थांबवते."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. बराच वेळ त्यांना ती पुढे नेता आली नाही.

आता ते मला दाबतात तेव्हा मोठ्याने सांगतात, "हा मी दाबला." शिकणारे ओशाळतात, काही रागावतात. तरी माझी भीती जात नाही. मित्रांनो, त्याआधी अकरा वर्षं मी चोरून दबत होतो. त्या वर्षांत शिकलेली कितीतरी माणसं आज या क्षणी रस्त्यावर आहेत, आणि आपल्याला गाडी वेळेत थांबवता येते अशी त्यांची खात्री आहे. तुम्ही रस्ता ओलांडताना जपा. आणि घरी कुणी गाडी चालवत असेल तर त्यांना एवढं जरूर विचारा, तुम्हाला शिकवणाऱ्याचा पाय कुठे होता?