राजवीरचं जावळ

राजवीरची वेणी कंबरेला टेकली होती. पहिलीच्या वर्गात वेणी घालून येणारा तो एकटाच मुलगा, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. कुणी चिडवलं तर तो सांगायचा, "ही देवाची हाय. मी नुसती सांभाळालोय."

जावळ म्हणजे बाळ जन्माला येताना डोक्यावर घेऊन येतं ते केस. गणपतरावांच्या घरात ते पहिल्याच वर्षी निघायचे, बाळाला मामाच्या मांडीवर बसवून. राजवीरचे राहिले. जन्मला तेव्हा तो काविळीनं हळदीसारखा पिवळा झाला होता, आणि आजोबा गणपतराव दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून जोतिबाला बोलले होते, "एवढं पोरगं जगू दे. त्याचं जावळ तुझ्या डोंगरावर काढीन, सारी भावकी जेवू घालीन." पोरगं जगलं. पण मग साथ आली, पूर आला, भावकीत सुतक आलं, आणि केस वाढत राहिले.

निशिगंधा रोज सकाळी कसबा बावड्याच्या घराच्या पायरीवर लेकाला पुढ्यात घेऊन बसायची. कोमट तेल, लाकडी फणी, आणि आईकडून आलेली जात्यावरची चाल. त्या चालीवर ती स्वतःचे शब्द बसवायची. एक ओळ कधीची जमली होती, दुसरी सापडत नव्हती.

दुसरी ओळ सापडली तेव्हा ती नको तिथून आली.

शाळेत मुलांची तपासणी झाली, रक्तगट काढले. राजवीरचा रक्तगट आईबापांच्या रक्तगटांतून येऊच शकत नव्हता. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या करायला लावल्या. शेवटी कळलं ते असं, की काविळीची दोन बाळं निळ्या दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवली होती, आणि उचलताना अदलाबदल झाली. निशिगंधाच्या पोटचा मुलगा मुरगूडला वाढत होता. त्याचं नाव आदर्श. त्याला वाढवणारी प्रियदर्शनी शाळेत शिक्षिका होती, घर बौद्ध. राजवीर तिच्या पोटचा.

त्या दिवशी निशिगंधानं वेणी घातली आणि ओवी पुरी झाली:

बाळाचं गं जावळ, मी तेलानं भिजविलं,
कुणाच्या पोटातलं, माझ्या मांडीवं निजविलं.

गणपतराव बरेच दिवस गोठ्यातच बसून राहिले. म्हशींशी बोलत, माणसांशी नाही. मग एका दुपारी जेवणाच्या ताटावर निकाल देऊन मोकळे झाले. "डोंगरावर मुरगूडच्या लोकांस्नी बोलवायचं. त्यांनी आदर्शाला आणायचं. जावळ आपल्या रक्ताचं निघंल. येताना ज्येचं पोरगं त्येच्या गाडीत."

"आनि राजवीर?" निशिगंधानं विचारलं.

"त्येला त्येचं आईबाप हाईत की."

भावकीत जी कुजबुज चालली होती ती नुसती रक्ताची नव्हती, जातीचीही होती. तेवढं गणपतराव तोंडानं बोलले नाहीत. निशिगंधाचा नवरा अमरसिंह भाकरीचा तुकडा मोडत राहिला. "आबा म्हणतील तसं," एवढंच म्हणाला. मुरगूडला प्रियदर्शनीच्या नवऱ्यानंही होकार कळवला. दोघी बायांना कुणी विचारलं नाही.

निशिगंधा भांडली नाही. हो म्हणाली नाही, एवढं मात्र तिनं मनाशी पक्कं धरलं. जावळाच्या आदल्या दिवशी तिनं भावाला फोन लावला. यशराज कागलला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये होता.

"दादा, उद्या मांडीवर कुणाला घेणार?"

"आबा काय म्हणाल्यात?"

"आबांचं सोड. मामा तू हाईस."

मागं ट्रॅक्टर धडधडत होता. "तू बसवशील त्येला," यशराज म्हणाला. "आता ठेवतो. गिऱ्हाईक आलंय."

डोंगरावर रविवारची गर्दी. वाऱ्यानं गुलाल उडत होता, नारळ फुटत होते. देवळाच्या मागे झाडाखाली घोंगडं अंथरलं होतं, न्हावी कात्री पुसत बसला होता. भावकीच्या बाया चुलीपाशी, पुरुष सावलीला. प्रियदर्शनी आली ती आदर्शचा हात धरून. देवळाकडे वळली नाही. निशिगंधाला म्हणाली, "आम्ही देवासाठी आलो नाही, ताई. पोरांसाठी आलोय."

"मला ठाऊक हाय. बसा."

आदर्श धिटुकला. उभं राहण्याची ढब थेट गणपतरावांची, एक पाय पुढं, हात मागं. निशिगंधा त्याच्याकडे बघतच राहिली. ती ते नाकारणार नव्हती. तो तिचाच होता. पण त्याला तहान लागली तेव्हा तो प्रियदर्शनीच्या पिशवीकडे वळला, आणि बाटली कुठल्या कप्प्यात आहे हे न बघता त्याच्या हाताला सापडली.

यशराज मांडी घालून घोंगड्यावर बसला. गणपतरावांनी आदर्शच्या पाठीवर हात ठेवला. "ये बाळ. मामाच्या मांडीवं बस."

"माझा मामा गाडी लावाय गेलाय," आदर्श म्हणाला.

चुलीपाशी एक बाई फस्सकन हसली आणि पदर तोंडाला लावला. न्हाव्यानं आदर्शचं डोकं निरखलं. "आबा, ह्येचं काय काढू? हे कटिंग केल्यालं हाय."

"बट तेवढी काढ. शास्त्रापुरती."

"जावळ कुठनं आणू? पैलं केस कवाच गेलं असतील."

"वर्षाचा होता तेव्हाच कापले," प्रियदर्शनी हळू म्हणाली. "सलूनमध्ये. आमच्यात जावळ ठेवत नाहीत."

निशिगंधा उठली. तिनं अमरसिंहाकडे पाहिलं आणि साध्या आवाजात सांगितलं, "राजवीरला आणा."

अमरसिंह बापाकडे बघेल असं सगळ्यांना वाटलं. त्यानं बघितलं नाही. उड्या मारणाऱ्या राजवीरला त्यानं देवळाच्या पायरीवरून उचललं, आणून यशराजच्या मांडीवर ठेवलं. यशराजनं पोराच्या पोटाभोवती हात घट्ट घातला.

"सूनबाई," गणपतराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, तरी चुलीपाशी बायांचे हात थांबले.

"आबा, नवस कुणी बोलला?"

"मी."

"कुणासाठी?"

"नातवासाठी."

"जिन्यात उभं राहून बोलला तवा आत पेटीत कोन धापा टाकालतं? तुमच्या डोळ्यापुढं कुणाचा चेहरा होता? देवानं ज्येला वाचवला त्येचं जावळ देवाला. दुसऱ्याचं कसं चालंल?"

"ती दोन्ही आत होती. मला काय ठावं कोन कोन होतं."

"मग दोघं बी तुमच्याच नवसानं वाचली म्हणा. पर ह्या डोक्यावं तुमी रोज हात फिरवलाय. ताप आला तवा पाठीवं घेऊन अख्खं आंगण तुडवलंय. हे पोरगं मी देणार न्हाई, आबा. कुनालाच न्हाई. आनि त्यांचं मागणार बी न्हाई."

गणपतरावांची बहीण आक्काताई, भावकीतली सगळ्यात थोरली, काठी टेकत पुढं आली. जावळ भुईवर पडू द्यायचं नसतं, आत्यानं पदरात झेलायचं असतं. "बोलणं झालं न्हवं?" तिनं विचारलं. "माझं गुडघं दुखाल्यात. न्हाव्याला पुढचं गिऱ्हाईक हाय." आणि ती खाली बसून पदर पसरू लागली.

"आत्या, थांबा जरा," निशिगंधा म्हणाली. "जावळ म्हंजे पोटातलं केस, व्हय न्हवं?"

"व्हय की. आईच्या पोटातच उगवत्यात. म्हणून तर भुईवं पडू देत न्हाईत."

निशिगंधा प्रियदर्शनीपुढे जाऊन बसली. "बाई, हे केस तुमच्या पोटातलं हाईत. मी तेल घातलं, वाढवलं. तुमचं तुमी घ्या. पोरगं माझ्यापाशी राहू दे."

प्रियदर्शनीनं राजवीरच्या वेणीकडे पाहिलं. तिचा नवरा मागं उभा होता. तो काहीतरी म्हणू लागला, तर तिनं मागं न वळता हात वर केला, वर्गात करतात तसा, आणि तो थांबला.

"मी तुम्हाला आदर्शचं काय देऊ?" तिनं विचारलं. "माझ्याकडे त्याचे केससुद्धा नाहीत."

"सुट्टीला पाठवा. म्हशीचं दूध पिऊ दे. त्येचा आजा त्येला कुस्तीचं चार डाव शिकवंल."

"राजवीर आमच्याकडे येईल?"

"न्हाई पाठवला तर मला येऊन इचारा."

आक्काताईनं स्वतःचा पदर आवरला आणि काठीनं जागा दाखवली. "बसा हितं, बाई. असं न्हवं, जवळ. दोनी टोकं धरा."

प्रियदर्शनी बसली. साडी सुती होती, निळी, रोज शाळेत नेसायची असावी. तिनं पदर राजवीरच्या पाठीमागं धरला. यशराजनं कात्री घेतली. त्यानं ती थेट वेणीला लावली, आणि ती तिथंच अडकली.

"मामा, दुखालंय," राजवीर म्हणाला.

गणपतराव एवढा वेळ झाडाला टेकून होते. ते पुढं आले आणि यशराजला म्हणाले, "ट्रॅक्टर चालवतोस व्हय असा? वेणी सोड आधी. मोकळं केस कापायचं असत्यात." मग स्वतःच वाकले. जाड बोटांनी वेणीची पेडं एकेक करून सोडवली. केस सुटले तसे वाऱ्यानं भुरभुरले, आणि म्हाताऱ्यानं ते तळव्यानं दाबून धरले. "हं. आता काप. कान सांभाळ."

पहिली बट पदरात पडली. पहिली बट मामानं कापायची, पुढचं न्हाव्याचं काम. काळे, तेलानं जड झालेले केस निळ्या साडीत साचत गेले. प्रियदर्शनी डोळे न मिटता ते बघत होती. डोकं उघडं पडलं तेव्हा टाळूवर दोन भोवरे दिसले. तिनं विचारल्याशिवाय बोट लावलं, आणि निशिगंधानं ते लावू दिलं.

"ह्या कोण?" राजवीरनं विचारलं.

"मुरगूडची आई," निशिगंधा म्हणाली.

"आनि तू?"

"मी बावड्याची. हलू नको."

देवळाकडून मानेवर गुलाल फासलेले एक ओळखीचे गृहस्थ आले, वडणगेकडचे. दोन्ही पोरांकडे पाहून घोटाळले. "गणपतराव, नातवाचं जावळ काय?"

सगळ्यांच्या माना गणपतरावांकडे वळल्या. निशिगंधानं मान वर केली नाही, पण तिचा हात राजवीरच्या गुडघ्यावर थांबला.

"व्हय. त्यो बोडका माझा नातू," गणपतराव म्हणाले. मग त्यांनी आदर्शकडे बोट केलं. "आनि ह्यो बी."

"दोन नातू? मला एकच ठावं हुता. कवापास्नं?"

"आजपास्नं. आता उभं राहून इचारत बसू नका, पावणं. पंगत बसालीया, जेवून जावा."