पोटातले खडे

मित्रांनो, मी एक जुना, आकाशातून पडलेला लोखंडाचा गोळा आहे. खरं तर आता ‘होतो’ म्हणायला हवं.

माझ्या लोखंडात निकेल मिसळलेलं आणि पोटात वाटाण्याएवढे हिरवे-करडे खडे. ही जोडी विचित्रच! सगळं वितळलं की जड लोखंड तळाशी बसतं, हलका दगड वर येतो. मग आम्ही एकत्र कसे राहिलो? बहुधा दोन लहानसे ग्रह एकमेकांवर आदळले, पातळ लोखंडात दगडाचा चुरा मिसळला आणि वेगळं व्हायच्या आत सगळं गोठलं. बहुधा म्हणतो, कारण मला स्वतःला काही आठवत नाही. साडेचार अब्ज वर्षांची ती आठवण खड्यांनी जपली होती.

पृथ्वीवर मी एका लोहाराची ऐरण झालो. ‘याच्यासारखा दमदार दुसरा नाही,’ असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पुढे नवी ऐरण आली आणि मी दाराला अडसर म्हणून पडून राहिलो.

एकदा त्याची भाची आली. ती दगडांचा अभ्यास करायची. माझ्यातले खडे पाहून तिचे डोळे चमकले.

“मामा, हा मला दे ना! शनिवारी न्यायला येते.”

कशाला हवा, ते सांगायचं मात्र ती घाईत विसरली.

“असला दगडगोट्यांनी भरलेला देऊ होय पोरीला?” लोहार बायकोला म्हणाला. “लोक नावं ठेवतील मला.”

त्याने भाता लावला. मला पांढराशुभ्र होईपर्यंत तापवलं आणि घणाखाली घेतलं. एकेक खडा फुटून उडत होता. थांब रे, थांब, असं मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण लोखंडाचं कोण ऐकणार? तो चुरा त्याने राखेसकट गल्लीतल्या चिखलात टाकला.

शनिवारी भाची आली.

“बघ, कसा लखलखीत केलाय! तीन दिवस खपलोय.”

तिने मला उलटसुलट पाहिलं. तिचा चेहरा पडला. मग तिला मामाचे भाजलेले हात दिसले.

“छान केलंस, मामा,” ती म्हणाली आणि गल्लीत जाऊन बराच वेळ चिखल चिवडत बसली. एकही खडा सापडला नाही.

मित्रांनो, हात जोडून सांगतो, जे कळत नाही ते साफ करायला जाऊ नका. आधी कुणाला तरी विचारा. मी आता तिच्या कपाटात आहे. माझ्यावर तिने चिठ्ठी लावली आहे: ‘लोखंड. उगम कळू शकत नाही.’