एक दिवसाचा ब्रेक

थोरली जाऊ डब्याची भाजी चिरत होती, धाकटी चहा गाळत होती आणि धाकटीचे यजमान, म्हणजे थोरलीचे भाऊजी, दाराशी बसून गमबूट चढवत होते. घरातली रोजचीच सकाळ होती.

थोरली मान वर न करता म्हणाली, “भाऊजी, आज तुमचा ब्रेक आहे हं. सही करू नका. पण पाणी तेवढं सोडून या, साहेबांनी सांगितलंय.”

“म्हणजे आज मी नोकरीवर नाही, नुसता कामावर आहे,” भाऊजी हसले. “वहिनी, तुमच्या ऑफिसच्या डोक्याला मानलं पाहिजे!”

तिघंही हसली. चौदा वर्षांत हसण्याची सवयच झाली होती.

भाऊजी पालिकेत रोजंदारीवर पाणी सोडायचं काम करत. त्यांची थोरली वहिनी त्याच पालिकेच्या आस्थापना विभागात कायम कारकून होती. माणसांच्या नेमणुका, रजा, बदल्या असं सगळं तिच्या टेबलावरून जाई. सलग काम केलेल्या माणसाला कायम करावं लागतं, असा नियम होता. नियम चांगला होता, म्हणून तर त्यातून पळवाट शोधायला हुशार माणसं लागली. दर सहा महिन्यांनी माणसाला एका दिवसापुरतं कामावरून कमी करायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घ्यायचं, की सलग सेवा मोडली. पण त्या एका दिवशी लोकांच्या नळाला पाणी तर यायलाच हवं, रस्तेही झाडले जायलाच हवेत. म्हणून माणसाने यायचं, फक्त हजेरीपटावर सही करायची नाही. न येणाऱ्याला दुसऱ्या दिवशी परत घेतीलच याचा भरवसा नव्हता. हे कुठेही लेखी नव्हतं. असल्या गोष्टी लेखी नसतातच.

भाऊजींच्या अशा अठ्ठावीस ब्रेकचे आदेश थोरलीने स्वतःच्या हातांनी टाइप केले होते. पहिल्या वेळी तिला वाईट वाटलं होतं. पुढे पुढे ती फक्त तारीख बदलायची.

त्या दिवशी गावात पाणी दोन तास जास्त आलं. लोकांनी हंडे भरले, अंगणं धुतली, गाड्याही धुतल्या. शेवटी एकाने पालिकेत फोन केला, “अहो, पाणी बंद कोण करणार? रस्त्यावर तळं झालंय.” तेव्हा कुठे माणसं बघायला गेली. टाकीजवळच्या खड्ड्यात, लोखंडी शिडीची गंजलेली पायरी तुटून, भाऊजी पाइपावर डोकं आपटून पडले होते. पाणी बंद करायला ते उतरले होते. दुपारी दवाखान्यात त्यांचा जीव गेला. सोन्यासारखा माणूस, आणि गावाला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

आठवड्याने साहेबांनी थोरलीला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“बाई, झालं ते फार वाईट झालं. तुमच्याच घरातलं माणूस. आम्ही काही वाऱ्यावर सोडणार नाही. तुमच्या जाऊबाईंना रोजंदारीवर घेऊ या, सोमवारपासून.” मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “अपघाताबद्दल वरून विचारणा आलीय, उत्तर पाठवायचंय. तेवढी सही करा.”

कागदावर लिहिलं होतं, ‘सदर व्यक्ती घटनेच्या दिवशी या कार्यालयाच्या सेवेत नव्हती. ती तेथे स्वतःहून गेली होती.’

“साहेब, तुम्हीच सांगितलं होतं, पाणी सोडायला पाठवा म्हणून.”

“मी?” साहेबांनी कानांवर हात ठेवले. “लेखी आहे का कुठे? आणि सांगितलं कोणी त्यांना, बाई? तुम्हीच ना?”

थोरलीला धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं झालं. सही करावी तर दिराच्या मरणाला खोटं पाडायचं. न करावी तर जावेच्या तोंडचा घास जायचा, वर स्वतःवरही बालंट. कागद पर्समध्ये घालून ती घरी आली.

“करून टाक सही,” तिचा नवरा म्हणाला. भाऊ त्याचाच गेला होता, तरी म्हणाला. “पाण्यात राहून माशाशी वैर नको. तो काही परत येणार नाही. हिला तरी आधार होईल.”

धाकटी भिंतीला टेकून बसली होती. “ताई, तो कागद मला वाचून दाखवा.”

थोरलीने वाचला. ती रडतच म्हणाली, “मीच पाठवलं गं त्यांना. मीच म्हटलं, सही करू नका, पण जाऊन या.”

“मला माहीत आहे. मी तिथेच तर होते. मी पण हसले होते, ताई.”

धाकटीने तिच्या हातातून कागद घेतला. मग तिने विचारलं, “मला देतायत त्या नोकरीलाही ब्रेक असणार?”

“असणार.”

“त्या दिवशी मी मेले, तर माझ्याबद्दलही हेच लिहिणार?”

“हेच लिहिणार,” थोरली म्हणाली.

“चौदा वर्षं हा माणूस तापातसुद्धा पाणी सोडायला गेला. गाव तहानेलं राहील म्हणायचा. आणि आता मी लोकांना सांगू, की तो सहज फिरत फिरत खड्ड्यात उतरला?” धाकटीने कागद घडी करून परत दिला. “मला ती नोकरी नको. मी चार घरची धुणी-भांडी करीन. ते कामावर होते, एवढं लिहून आणा.”

दुसऱ्या दिवशी थोरलीने साहेबांच्या कागदावर सही केली नाही. तिने स्वतःचा कागद लिहिला. भाऊजींचे अठ्ठावीस ब्रेक तारखांसह मांडले. त्या प्रत्येक दिवशी ते कामावर होते. शेवटच्या दिवशी साहेबांच्या तोंडी हुकमावरून त्यांना मी पाठवलं. यात मीही दोषी आहे. असं सगळं लिहून तिने तो आवक टेबलावर ठेवला. आवकच्या कारकुनाने दोनदा वाचला, तिच्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारून क्रमांक घातला.

साहेब स्वतः उठून तिच्या टेबलाशी आले. “बाई, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय. चौकशी तुमचीही होईल.”

“व्हायलाच हवी, साहेब.”

“बरं. ती होईल तेव्हा होईल. तोवर आस्थापनेचं काम तुमच्याकडेच आहे.” त्यांनी एक यादी तिच्यापुढे टाकली. तीसएक सफाईवाल्या आणि पाणी सोडणारे आठही जण. एकाच तारखेला नेमलेल्या त्या सगळ्यांचा ब्रेक एकदमच उद्या होता.

थोरलीने आदेश टाइप केले, एकही चूक न करता, आणि त्यांवर साहेबांची सही घेतली. मग ती ते स्वतः वाटायला गेली. गाड्यांच्या आवारात सगळ्यांना उभं करून तिने प्रत्येकाचा आदेश मोठ्याने वाचून दाखवला.

“उद्या तुम्ही पालिकेच्या सेवेत नाही, असं इथे लिहिलंय. खाली साहेबांची सही आहे. सेवेत नसलेल्या माणसाने कामाला यायचं नसतं. उद्या घरी बसा.”

“आणि परवा परत घेतलं नाही तर, बाई?” एक म्हातारी सफाईवाली म्हणाली. “तुमचं ठीक आहे, तुम्ही कायम आहात.”

तिचं म्हणणं खरं होतं. थोरली खाली मान घालून उभी राहिली. “एकीला काढतील, मावशी. सगळ्यांना काढलं तर गाव कोण झाडणार? पण जबरदस्ती नाही. माझ्या शब्दावर एक माणूस गेलाय, आता मी कुणाला जा म्हणणार नाही.”

म्हातारी आदेशाच्या कागदाकडे बघत राहिली. मग तिने तो कमरेला खोचला. “गेला तो मला मावशीच म्हणायचा,” एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी कोणीच आलं नाही. नळ कोरडे राहिले, कचऱ्याचे डबे भरून वाहू लागले. आठ वाजल्यापासून पालिकेतला फोन वाजायला लागला. साहेब केबिनमधून बाहेर आले नाहीत. थोरलीने फोन उचलला.

“अहो, आज पाणी नाही, झाडायला कोणी नाही, काय चाललंय काय?” पलीकडचा माणूस भडकला होता.

“आज ती माणसं आमच्या सेवेत नाहीत. दर सहा महिन्यांनी एक दिवस नसतात.”

“काहीतरीच काय! वीस वर्षं राहतोय मी इथे. पाणी आलं नाही असा एक दिवस आठवत नाही. मग त्या दिवशी सोडत कोण होतं?”

थोरलीने खुर्ची पुढे ओढली. “तुम्हाला थोडा वेळ आहे का?” तिने विचारलं, आणि ती सांगू लागली.