टकटक

"अगं, ती टकटक वाढलीय," सासूबाई म्हणाल्या. त्यांना दिसत नाही, पण कान तिखट.

बंद पडायला आलेल्या हार्ड डिस्कची टकटक मलाही ऐकू येत होती. स्वतःच्या घशाच्या ऑपरेशनआधी सासऱ्यांनी सासूबाईंसाठी कादंबऱ्या मोठ्याने वाचून रेकॉर्ड केल्या होत्या. जन्मभर बसस्टँडवर गाड्या पुकारलेला तो आवाज आता फक्त या डिस्कमध्ये उरला होता. दुसरी प्रत 'रविवारी करू' म्हणता म्हणता नवऱ्याचे कितीतरी रविवार गेले.

मी माझा कॉपीचा प्रोग्राम लावला. तो मुंगीच्या पावलाने चालला. मांडीवर बाळ चुळबुळत होतं.

सासऱ्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'अडलं?'

"अडलं नाही बाबा. हौद वाटीने उपसतेय. वाटीभर वाचायचं, वाटीभर लिहायचं, परत धावायचं. एवढ्या खेपा डिस्कला झेपायच्या नाहीत. बादली घेते."

एका हाताने मी बफर वाढवला, म्हणजे एका खेपेला किती उचलायचं ते.

"मग आधीच का नाही घेतलीस बादली?"

"प्रोग्राम लिहिला तेव्हा हा पोटात होता, आई. डोकं जागेवर नव्हतं."

"आता तरी कुठे आहे!"

फाइली सरसर उतरू लागल्या. मी हुश्श करणार, तोच शेवटची फाइल मध्येच अडली. बादलीतला एक थेंब खराब निघाला की डिस्क अख्खी बादली नाकारत होती. तेवढ्या भागापुरती पुन्हा वाटी घेतली. टक. टक. प्रत्येक 'टक'ला वाटे, ही शेवटची.

बाळाने भोकाड पसरलं. सासऱ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि थोपटत फेऱ्या घालू लागले.

फाइल संपली. थोड्याच वेळात डिस्क कायमची गप्प झाली. काही वाट्या रिकाम्याच आल्या होत्या. तिथे प्रोग्रामने शांतता भरली होती.

"लाव बरं," आई म्हणाल्या. मी नेमका तोच भाग लावला.

'तिने दार लोटलं आणि...' भारदस्त आवाज खोलीत घुमला आणि तुटला.

त्या पोकळीत बाळाच्या पाठीवरची बाबांची थाप तेवढी ऐकू येत होती. मी आईंकडे पाहायचं टाळलं.

त्यांनी थापेच्या दिशेने तोंड वळवलं.

"ऐकतेय मी," त्या म्हणाल्या. "वाचा पुढे."